मागच्या दाराने बाहेर

चहा येईपर्यंत माझी एक फजिती ऐकून घ्या. नंतर सांगितली तर हसताना शर्टावर सांडेल!

दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. नाशिकच्या एका वाचनालयाची नवी इमारत मी केली होती. आर्किटेक्ट म्हणून पहिलंच मोठं काम! अध्यक्ष नाना ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, बोलायला रोखठोक. उद्घाटनाच्या सकाळीच म्हणाले, "पाहुण्यांना आवडली, तर पुढच्या टप्प्याचं कामही तुम्हालाच."

झालं! तेव्हापासून माझं सगळं लक्ष पाहुण्यांच्या चेहऱ्याकडे.

इमारत म्हणजे काय, सगळा भविष्याचा विचार! सरकत्या भिंती, कॉम्प्युटरची खोली, विस्तारासाठी बाजूला मोकळी जागा. उद्या गर्दी वाढणार, म्हणून आत जायचं समोरून आणि बाहेर पडायचं मागून. मागचं काचेचं दार बाहेरून उघडतच नाही. पुस्तकचोरांचाही बंदोबस्त!

मे महिना, भर दुपार. फीत कापून झाली आणि नाना पाहुण्यांना घेऊन आत गेले. मी धास्तीने समोरच्या दाराशीच थांबलो. म्हटलं, मागून बाहेर पडून फिरून इथे येतील, तेव्हा कळेल.

बराच वेळ झाला तरी कुणी येईना! ग्रंथपाल शिंदेबाईंना विचारलं, "पाहुणे कुठायत हो?"

"गेले की मागून. काचेतून हात हलवत होते. मीपण हलवला."

गेले? मला न भेटता? म्हणजे आवडली नाही. संपलं सगळं! मान खाली घातली, तर पायाशी चपलांचा हा ढीग!

अहो, वाचनालयात शिरताना आपला माणूस चपला काढणारच ना! भविष्याच्या नादात हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

बूट काढून आतून धावत मागे गेलो. मंडळी तापलेल्या काळ्या फरशीवर अक्षरशः नाचत होती. मी दार ढकलून बाहेर उडी मारली आणि मागे दार खट्‌कन बंद! काचेवर थापा मारल्या. लांबून शिंदेबाईंनी हसून हात हलवला.

"साहेब, पाय भाजले! जायचं कुठून?" नाना ओरडले.

मी गुपचूप विस्ताराच्या जागेकडे बोट दाखवलं. तिथे उरलेली खडी पसरली होती.

एकमेकांचे खांदे धरून, 'आई गं' करत सगळे कसेबसे समोर आले. चपला घालून नाना माझ्याकडे वळले.

"पुढचं काम तुम्हालाच," ते म्हणाले.

"नाना!" मी हातच जोडले.

"आत्ता महिला मंडळ आत गेलंय. त्यांच्या चपला उचला आणि मागच्या दाराशी नेऊन ठेवा."

आणि नेल्या की हो! घमेल्यात भरून.