ज्या रकान्यात मुलाने ‘नाही’ लिहिले

मी गाव सोडले तो बाजाराचा दिवस होता. तुरुंगातून सुटून मला नऊ दिवस झाले होते. धाकटा भाऊ वसंता बॅग घेऊन स्टँडपर्यंत आला. वाटेत ओळखीची माणसे भेटली. नमस्कार कोणी केला नाही, पाहिले मात्र सर्वांनी. एसटी सुटताना वसंता खिडकीशी येऊन म्हणाला, “अण्णा, आता तिकडेच राहा. यात्रेला येऊ नका.” त्याचे चुकले असे मला तेव्हाही वाटले नाही.

वसंता, हे तुझ्यासाठी लिहितो आहे, आणि मुलांच्या मागोमाग सिंगापूरच्या या बेटावर आलेल्या माझ्या वयाच्या माणसांसाठीही.

मी चोरी केली होती. आमच्या गावी देवीचे दागिने वर्षभर एका मानकऱ्याच्या घरी असतात. यात्रा झाली की पुढच्या घरी जातात. त्या वर्षी पाळी आमची होती. देवीचा चांदीचा कमरपट्टा मी विकला आणि पितळेवर मुलामा दिलेला तसाच पट्टा पेटीत ठेवला. माझ्या मुलाच्या, श्रीकांतच्या, इंजिनिअरिंगचे शेवटचे वर्ष होते. हे कारण झाले. सबब म्हणून सांगत नाही. यात्रेच्या आदल्या दिवशी दागिने देवळाच्या ओट्यावर, सर्वांसमक्ष, रांगोळीने घासतात. हे मला लहानपणापासून ठाऊक होते. एका घासण्याने मुलामा जाणार नाही, असे मी धरून चाललो. घासणाऱ्या बाईंच्या बोटांखाली पट्टा पिवळा पडला. त्या एवढेच म्हणाल्या, “अण्णा, हे काय हो?”

खटला अनेक वर्षे चालला. त्यातच श्रीकांतची आई गेली. मला शिक्षा लागली तोवर तो सिंगापुरात स्थिरावला होता.

चोआ चू कांगला अकराव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट आहे. मी आल्यावर पंधरा दिवसांनी जेवणाच्या टेबलावर इथे राहण्याच्या माझ्या पासचा अर्ज आला. त्यात एक प्रश्न होता: कोणत्याही देशात आपणांस शिक्षा झाली आहे काय? मी शाळेत कारकून होतो. इंग्रजी वाचता येते. श्रीकांतने ‘नाही’ लिहिले.

“हे खोटे आहे,” मी म्हणालो.

“बाबा, ‘हो’ लिहिलं तर परत जावं लागेल. गावात कोण ठेवून घेणार तुम्हाला?”

“आणि उघडकीस आले तर?”

“तर माझी पीआर जाईल, इथे कायमचं राहणं जाईल, नोकरी जाईल, तुमच्या नातीची शाळा जाईल. म्हणून गप्प राहायचं. एवढं कराल ना माझ्यासाठी?”

सही मी केली.

त्याला पाच वर्षे झाली. उणे काही नाही. खिशात एमआरटीचे, म्हणजे इथल्या मेट्रोचे, कार्ड आहे, सकाळी हॉकर सेंटरला कॉफी घेतो, ईस्ट कोस्टला समुद्राकाठी चालतो. चालणे वाळूपाशी संपते.

मध्यंतरी माझी नात ईरा शाळेतून नवा धडा शिकून आली. इथल्या बोलीतला ‘लाह’ तिच्या तोंडी बसला आहे. “आजोबा, पूर्वी इंडियातून कन्व्हिक्ट्सना शिपने इथे आणायचे, यू नो? रोड्स त्यांनीच बांधले. चोर होते लाह!”

“त्यांनी काय चोरले होते, लिहिले आहे का?”

“नो लाह, आजोबा. सो लाँग अगो, हू केअर्स?”

श्रीकांत पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून गेला. मला त्या माणसांचा हेवा वाटला. त्यांचा गुन्हा त्यांच्याबरोबरच जहाजातून उतरला होता. ते का आले, हे धन्यालाही ठाऊक होते आणि शेजारी खडी फोडणाऱ्यालाही.

गेल्या गणपतीनंतर सेरंगूनला एकांच्या घरी आमच्या मंडळाची बैठक झाली. पूजेची चांदीची भांडी वर्षभर कोणाकडे ठेवावीत, हा विषय निघाला. कुलकर्णीबाई म्हणाल्या, “आमच्याकडे नकोत हं. हे रोज चांदीच्या वाटीत श्रीखंड मागतील!” हशा पिकला. मग त्या माझ्याकडे वळल्या. “अण्णांकडे द्या. इतका सचोटीचा माणूस आपल्यात दुसरा कोण आहे?”

मी नको म्हणालो.

“अण्णा, मानाला नाही म्हणू नये.”

सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मी सांगण्यासाठी तोंड उघडले. समोर श्रीकांत उभा होता. तो माझ्याकडे पाहत नव्हता. ईराला त्याने जवळ ओढून घेतले होते, तिच्या खांद्यावर त्याची बोटे रुतली होती.

“ठेवतो,” मी म्हणालो.

पेटी माझ्या पलंगाखाली आहे. मी ती उघडलेली नाही. आता लिफ्टमध्ये भेटणारी मराठी मंडळी पूर्वीपेक्षा अधिक वाकून नमस्कार करतात. प्रत्येक नमस्काराला हात जोडावे लागतात.

घर कोठले, असे इथे नवे लोक विचारतात. मी तालुक्याचे नाव सांगतो आणि विषय बदलतो. खरे उत्तर, वसंता, तुलाच सांगता येईल. जिथे माझ्या हाती चांदी कोणीही देणार नाही, ते माझे घर.