पांढरी सोडून कुठलीही

गाडी घ्यायची तर पांढरी नको, एवढीच माझी अट होती. बाकी इंजिन, टायर, स्प्रिंगचे पाटे, चेसिस यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. ते बघायला मी माझ्या धाकट्या दिरांना हाताशी धरलं. त्यांची उमेदीची सगळी वर्षं फौजेत गाड्या चालवण्यात गेली आणि आता ते शिराळ्याजवळच्या आमच्या गावी ऊस बघत होते. मी फोन केला तेव्हा आधी हसले. म्हणाले, "वयनी, साधी मोटार घ्या की. झोपायची गाडी कशाला? घरातली खाट मोडली का काय?"

खाट मोडली नव्हती. खाटेवर आता मी एकटीच झोपत होते, आणि ते भाऊजींनाही ठाऊक होतं. म्हणून मग ते नुसतं "येतो" म्हणाले.

गाडीचं वेड मूळचं ह्यांचं. मी साताऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवायचे. नर्मदा कुठे उगम पावते आणि गोदावरी समुद्राला कशी मिळते, हे फळ्यावर काढून काढून माझा खांदा कायमचा धरला. स्वतः पाहिलेली नदी मात्र एकच, कृष्णा, तीही माहुलीच्या घाटावरून. हे मला त्यावरून चिडवायचे. "मास्तरीणबाई, तुमच्या निवृत्तीनंतर तुमच्या नद्या तुम्हालाच दाखवतो," म्हणायचे. एका रविवारी त्यांनी हॉलमधल्या फरशीवर खडूने गाडीच्या आतल्या मापाचा चौकोन काढला आणि मला त्यात आडवं व्हायला लावलं. इथे चूल, इथे पाण्याचा कॅन, इथे आपण दोघं. मी म्हटलं, उठा, कुणी बघितलं तर म्हणेल यांचं डोकं फिरलं. ते उठले नाहीत. माझ्याशेजारी चौकोनात पडून राहिले आणि छताकडे बघत म्हणाले, "पाय पुरतात बघ. गाडी घेताना आधी झोपून बघायचं असतं." हौसेला मोल नसतं म्हणतात, तशातली गत.

त्या वर्षी नागपंचमीला आम्ही गावी गेलो होतो. सणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांच्या छातीत कळ आली. गावची रुग्णवाहिका दारात आली. पांढरी, उंच टपाची. मागच्या दारावर वर नेहमीचं 'रुग्णवाहिका' आणि खाली लाल अक्षरांत 'सिद्धनाथ प्रसन्न'. गावाला ती गाडी देणगी देणारा म्हसवडकडचा, त्याचं ते कुलदैवत. मी ह्यांचा हात धरून मागच्या पायरीवर एक पाय ठेवला, तेवढ्यात चुलत सासऱ्यांचा आवाज आला, "सूनबाई, तू मागनं ये." आमच्या घरची रीतच तशी. आजारी माणसाजवळ पुरुषांनी बसायचं आणि बायकांनी मागच्या गाडीतून यायचं. बायका रडतात आणि माणूस धीर सोडतो, असं त्यामागचं शहाणपण. वर्गात माझा आवाज शेजारच्या वर्गापर्यंत जायचा, पण त्या पायरीवर तो फुटला नाही. भाऊजी आत बसले, दार लागलं.

मी पुतण्याच्या मोटारसायकलवर मागून निघाले. पाऊस भुरभुरत होता. माझ्यापुढे ते पांढरं दार आणि ती लाल अक्षरं. दाराच्या वरच्या भागात एक काच होती, पण बाहेरून तिच्यात नुसतं आभाळ दिसत होतं. आत काय चाललंय ते कळेना. मी ती अक्षरं वाचत राहिले, पुन्हा पुन्हा, सिद्धनाथ प्रसन्न, सिद्धनाथ प्रसन्न. पेठ नाक्यावर हायवे ओलांडताना मोठमोठे कंटेनर आडवे आले आणि आम्ही अडकलो. दार पुढे गेलं ते गेलंच.

सांगलीत पोहोचले तेव्हा भाऊजी दवाखान्याच्या पायरीवर उभे होते. त्यांचं तोंड बघूनच मला कळलं. ते एवढंच म्हणाले, "वयनी, दादाला काय त्रास झाला न्हाई. दार लागलं तवापास्नं बेसुदच हुता. काय बोलला न्हाई."

त्या वाक्यावर मी पुढची वर्षं काढली. आणि खरं सांगायचं तर त्याच वाक्याने माझी झोप नेली. दार लागायच्या आधी ह्यांनी माझं बोट घट्ट दाबलं होतं. बोट दाबणारा माणूस दार लागताक्षणी बेशुद्ध कसा होईल? की झाला असेल? शुद्धीत असतील तर त्यांनी मला शोधलं असेल, आणि मी तिथे नव्हते. रात्रंदिवस तेवढा एकच प्रश्न. भाऊजींना परत विचारायची माझी छाती होत नव्हती, कारण दोन्ही उत्तरांची मला भीती वाटत होती.

पांढऱ्या उंच गाडीचं तेव्हापासून असं झालं, की रस्त्यात दिसली तर मी आपोआप तिचं मागचं दार बघायचे. तिथे दुसरंच काही लिहिलेलं असायचं, कुठल्या शाळेचं नाव, कुठे 'आईचा आशीर्वाद'. तरी पुढची दिसली की पुन्हा बघायचे. एकदा पाचगणीच्या घाटात एक पांढरी गाडी बराच वेळ माझ्या पुढे होती आणि मी स्कूटरचा हॉर्न न देता, पुढे न जाता तिच्या मागून सबंध घाट चढले. वर आल्यावर ती स्ट्रॉबेरीच्या बागेत वळली तेव्हा मला रडू आलं. मग मी ठरवलं, पुरे झालं. गाडी घ्यायची, त्यांची हौस पुरी करायची, नद्या बघायच्या. फक्त पांढरी नको.

भाऊजींनी मला गाडी बघायला शिकवलं. मास्तरीण विद्यार्थी झाली. बॉनेटवर आधी हात ठेवायचा. गरम लागलं तर विकणाऱ्याने आपण यायच्या आत इंजिन चालू करून ठेवलंय, म्हणजे सकाळी ती सुरू व्हायला रडते. सीटचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढायचा, कारण सांगलीकडच्या गाड्या पुरात बुडालेल्या असतात. बाकी सगळं धुऊन काढता येतं, पट्ट्याच्या गुंडाळीतला गाळ तेवढा राहतो. आणि दाराचं रबर बोटाने उचलून खालचा रंग बघायचा. "वरचा रंग मान्सं बघत्यात," भाऊजी म्हणाले, "खालचा गाडीचा आसतो."

साताऱ्यात, कऱ्हाडात, इस्लामपुरात आम्ही गाड्या बघितल्या. एक लाल चकचकीत होती, तिचं चेसिस गंजून पापड झालेलं. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. एकीच्या पट्ट्यातून खरंच वाळलेला गाळ माझ्या मांडीवर पडला. विकणारा म्हणाला, तो शेतातला आहे. मी म्हटलं, शेत काय सीटच्या पट्ट्यात होतं? भाऊजी खदखदून हसले. ह्यांच्या माघारी आम्ही दोघं एकत्र प्रथमच हसत होतो.

मग सांगलीबाहेरच्या एका आवारात ती निळी दिसली. फिकट निळी, उंच टपाची, आत उभं राहता येईल अशी. बॉनेट गार होतं. किल्ली फिरवताच इंजिन लागलं. पट्टे स्वच्छ. मी भाऊजींकडे वळून बघितलं, तर ते अजून आवाराच्या फाटकातच उभे होते.

"बघा की भाऊजी."

ते आले. गाडीच्या मागे गेले, खाली वाकून पायरी बघितली आणि लगेच म्हणाले, "ही नको."

"का?"

"इंजिनात आवाज हाय."

मला तर काही ऐकू आलं नव्हतं. मी म्हटलं, कसला आवाज? तर म्हणाले टायर गेलेत. टायर नवे होते. मग म्हणाले पाटे बसलेत, मग म्हणाले निळा रंग उन्हात तापतो. आठवडेच्या आठवडे या माणसाने मला एकेक गोष्ट समजावून सांगितली होती, आणि आज लहान पोरासारखी कारणं काढत होता. माझा पारा चढला. मी म्हटलं, "भाऊजी, गाडी मला घ्यायची आहे. नीट कारण सांगा, नाहीतर चहा पिऊन या."

ते तिथेच उभे राहिले. चहाला गेले नाहीत.

मी मागचं दार उघडलं आणि शिकवल्याप्रमाणे रबर उचललं. खाली पांढरा रंग होता.

तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण मी स्वतःला समजावलं. पांढऱ्या गाड्या काय थोड्या असतात? शाळेची असेल, कंपनीची असेल. दार लोटून त्यावरून हात फिरवला. निळ्या रंगाखाली बोटांना काहीतरी लागलं, बारीक कडा, जुन्या अक्षरांच्या. ऊन तिरपं होतं. मी जरा बाजूला सरकले तेव्हा त्या कडांची सावली पडली आणि मी ते वाचायच्या आधीच माझ्या ओठांनी म्हटलं, सिद्धनाथ.

मी किंचाळले नाही. मला नवल याचं वाटलं की भीती वाटली नाही. इतकी वर्षं ते दार माझ्यापुढे पळत होतं आणि आता माझ्या हाताखाली उभं होतं.

"तुम्ही ओळखली होती," मी म्हटलं.

"फाटकातनंच," भाऊजी म्हणाले. "पायरीला तवाबी जोड दिल्याला हुता, त्यो बघून खात्री केली. वयनी, चला हितनं. मढं वाहिलेली गाडी कुनी घरात आनत न्हाई."

त्या शब्दाची त्यांनाच लाज वाटली आणि त्यांनी मान खाली घातली. मी दार उघडून पायरीवर पाय ठेवला. या वेळी मला कुणी थांबवलं नाही. आत शिरून मी दार ओढून घेतलं. सगळं रिकामं होतं. सलाईनच्या आकड्यांची भोकं बुजवलेली दिसत होती. गाडी घेताना आधी झोपून बघायचं असतं. मी डोकं ड्रायव्हरकडे आणि पाय दाराकडे करून, पेशंटला निजवतात तशी, पत्र्यावर आडवी झाले आणि पर्स मानेखाली घेतली.

पाय पुरत होते. आणि पायांच्या वर, समोर, ती काच होती.

बाहेरून तिच्यात आभाळ दिसायचं. आतून सगळं दिसत होतं. आवार, फाटक, रस्ता, आणि बरोबर मधोमध उभे असलेले भाऊजी, शर्टाच्या गुंडीपर्यंत स्पष्ट.

"भाऊजी," मी आतून म्हटलं, "त्यांना मी दिसत होते."

ते दाराशी आले. त्यांनी दार उघडलं.

"व्हय," ते म्हणाले. "सारखं काचंकडंच बघत हुता. 'आली का रं ती?' आसं इचारायचा. मी म्हनायचो, आली, ही काय मागंच हाय. तर म्हनला, 'पदर घ्यायला सांग की तिला, भिजतीया.' तवा दुखत हुतं त्याला लय. पन नजर हालली न्हाई."

"आणि नाक्यावर?"

"नाक्याव तुमी दिसायच्या बंद झालासा." त्यांनी दाराची कड धरली. "तो उठाय लागला, वयनी. 'कुटं गेली?' म्हनला. मागं नुसता रस्ता. मी आडवा झालो काचंच्या, आन् म्हनलं, दादा, आली बग, पदर घेतलाय बग तिनं. तवा पडला माघारी. म्हनला, 'घेतला व्हय.' आन् डोळं मिटलं. तुमाला कसं सांगू हे? बेसुद हुता म्हनलं की तुमाला झोप तरी लागंल, आसं वाटलं."

मला झोप लागली नव्हती, हे मी त्यांना सांगितलं नाही. पत्र्यावर पडून मी खूप रडले, आवाज काढून रडले. भाऊजी पाठ फिरवून दारात उभे राहिले आणि कुणाला आत बघू दिलं नाही.

गाडी मी घेतली. नणंदेने बोलणं टाकलं, शेजारणीने दारात लिंबू उतरून टाकलं. भाऊजींनी रंग खरवडून पुन्हा पांढरा दिला आणि पायरीचा जोड नवा केला. आत लाकूडकाम करायला आलेला मिस्त्री म्हणाला, मॅडम, पलंग आडवा घेऊ, जागा वाचेल, आणि मागच्या काचेला जाड पडदा लावू, रस्त्यावरची माणसं आत बघतात.

मी त्याला सांगितलं, बाहेरून काही दिसत नाही. पलंग उभाच घे, डोकं पुढे, पाय दाराकडे. आणि त्या काचेला पडदा लावायचा नाही.