ज्योतीरामने परत खोललेली गाडी

चिखलीच्या त्या गल्लीत ज्योतीराम मेस्त्रीची फुशारकी सगळ्यांना तोंडपाठ होती. आपल्या हातची गाडी परत खोलावी लागत नाही, असं तो नव्या गिऱ्हाइकाला चहाच्या आधी सांगायचा आणि जुन्याला चहानंतर. लातूरकडून आला, चाकणच्या एका कंपनीत गिअरबॉक्सचे तेच ते बोल्ट आवळून कंटाळला आणि गॅरेज टाकून बसला. तोंडाळ माणूस, पण फुशारकी खरी, त्यामुळे कुणाला काही बोलता येत नसे. शेजारचा लेथवाला नवनाथ तर तो चुकायची वाटच बघत होता.

सोजरबाईंची व्हॅन त्याच्याकडे आली ती इंजिनाने मान टाकल्यावर. बाई चाकणला कामगारांच्या खोल्यांवर जेवणाचे डबे पोहोचवायच्या. नवरा गेल्यावर, पन्नाशीला टेकताना त्या गाडी शिकल्या, आणि तेव्हापासून स्टिअरिंगला दुसऱ्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे. अलीकडे मात्र डावा गुडघा कुरकुरायला लागला होता. मुलगा धम्मरत्न आयटीत नोकरीला, आईवर फार जीव. पाय साथ देत नाही असं दिसलं की गाडी विकायची आणि आईने घरी बसायचं, हे त्याने गॅरेजमध्ये उभ्या उभ्याच जाहीर केलं. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मोडीत निघालेल्या एका मोठ्या गाडीचं चांगलं इंजिन मिळालं. गिअरबॉक्स मात्र व्हॅनचाच ठेवायचा होता, आणि तिथेच घोडं अडलं. या दोघांना जोडते ती क्लच प्लेट. नव्या इंजिनाची प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर चढेना, कारण दातेच वेगळे. जुनी चढायची, पण त्या इंजिनापुढे ती एवढीशी. दुसऱ्या कुणी हात टेकले असते. ज्योतीरामने जुन्या प्लेटचा मधला दात्यांचा भाग काढून मोठ्या प्लेटच्या पोटात बसवला, नवनाथच्या लेथवर फिरवून पाहिला आणि रिव्हेट ठोकले. दिवसभर तो स्वतःवरच खूश होता, आणि कामही तसंच झालं होतं.

गाडी न्यायला मायलेक आले. बाईंनी गल्लीत एक फेरी मारली, गिअर अलगद पडत होते. झकास झालीय, असं त्या म्हणाल्याही. ज्योतीरामचं लक्ष मात्र त्यांच्या हातांकडे गेलं. क्लच दाबताना बाई सीटवर पुढे सरकत होत्या, स्टिअरिंग दोन्ही हातांनी ओढून धरत होत्या आणि ओठ घट्ट मिटत होत्या. क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या, मोठ्या इंजिनाच्या प्रेशर प्लेटची स्प्रिंग ताठ होती, त्यामुळे क्लच जड झाला होता, आणि त्याच्या स्वतःच्या पायाला ते जाणवलंच नव्हतं. क्लच जड जातोय का असं विचारलं असतं तर बाई नाहीच म्हणाल्या असत्या. आणि हो म्हणाल्या असत्या, तर मुलाने तिथल्या तिथे निकाल लावला असता.

"धम्मरत्नभाऊ, गाडी ठेवून जावा," ज्योतीराम खिडकीशी येऊन म्हणाला. "माझ्या हातून चुकीचा पार्ट बसलाय."

शेजारी नवनाथने लेथ बंद केला.

सगळं परत खाली उतरलं. हलक्या स्प्रिंगची, तरी इंजिनाचा जोर पेलेल अशी प्रेशर प्लेट शोधावी लागली, तीही तिसऱ्याच गाडीची. ती इंजिनाच्या ज्या चाकावर, म्हणजे फ्लायव्हीलवर बसते, त्याच्याशी तिची भोकं जुळेनात, म्हणून चाकाला नवी पाडावी लागली. ती पाडता पाडता नवनाथने इतक्या दिवसांची कसर भरून काढली. मेस्त्री चुकला ही बातमी गल्लीभर झाली, आणि जो तो येऊन समाचार घेऊन जायचा. ज्योतीराम मुकाट्याने पाना फिरवायचा. हातात कसब असलेले पुष्कळ भेटतात. पण इतकी जपलेली इज्जत एका बाईचं स्टिअरिंग सुटू नये म्हणून गल्लीसमोर घालवणारा माणूस भेटला, तर त्याला हात जोडावेत.

गाडी न्यायला या खेपेला सोजरबाई एकट्याच आल्या. त्यांनी क्लच दाबला. नुसत्या चवड्याने तो खाली गेला. त्यांनी परत एकदा दाबून पाहिला.

"मेस्त्री, पयल्या बारीला तुमची काय बी चूक नव्हती," त्या म्हणाल्या. "मला समजतंय."

"व्हती, मावशी," ज्योतीराम हळूच म्हणाला. "मी सगळी गाडी मोजली, तुमचा पाय न्हाई मोजला."

बाईंनी डोळ्याला पदर लावला. डब्यांची वेळ झाली होती. त्यांनी पहिला गिअर टाकला आणि गाडी मोशीच्या रस्त्याला काढली.