माझ्या हातचा नंदी

आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं लाकडी नंदी घेऊन दारोदार फिरतात, बाया नंदीला ओवाळतात आणि पोरांना बोजारा म्हणून खाऊ देतात. आमच्या गावातले नंदी माझा बाप करायचा. आम्ही सुतार. बापाला मुलगा नव्हता, म्हणून वाकस-पटाशी माझ्या हातात आली. नंदीचं वशिंड माझ्या हातून त्याच्यापेक्षा चांगलं उतरायचं, हे तोच सांगायचा.

मग जंगलात बंदुका आल्या. एका दुपारी मी सरपणाला गेले होते. तिथे बंदूकवाल्यांनी मला धरलं आणि माझ्यावर बलात्कार केला. ते कोणत्या बाजूचे होते, हे मला पुष्कळांनी विचारलं. दुखतं का, हे फक्त बापानं विचारलं. शेजारी राहणाऱ्या चुलतीनं विचारलं, "ओरडली काऊन नाई?"

त्या वर्षी माझे नंदी कोणी नेले नाहीत. देवाची वस्तू बाटलेल्या हातची कशी चालेल, असं चुलतीनंच विहिरीवर सांगितलं होतं. बाप पुढच्या उन्हाळ्यात गेला.

मी बायांच्या मूर्ती करू लागले. शहरात त्या आवडतात. प्रदर्शनात लोक माझ्या खांद्यावर हात ठेवून डोळे पुसतात आणि प्रत्येक मूर्तीत ती दुपार शोधतात. शोधा म्हणावं, मिळाली तर घेऊन जा. मला हवं होतं ते एवढंच, की माझ्या गावात एका तरी घरी माझ्या नंदीला कुंकू लागावं. ही हौस काही केल्या जात नव्हती. म्हणून दरवर्षी थोडे नंदी करायचे आणि आमच्या गावचे लोक खरेदीला जातात त्या चंद्रपूरच्या एका दुकानात द्यायचे. पोटाखाली पटाशीचे दोन आडवे काप, ही बापाची खूण मी चालू ठेवली.

यंदा तान्ह्या पोळ्याला चुलतीनं हाक मारली. अलीकडे ती बोलते. म्हातारी झाली आणि भांडायला दुसरं कोणी उरलं नाही. देवापुढे पाटावर नंदी होता. कपाळावर कुंकू, गळ्यात झेंडूची माळ, पुढे नैवेद्य.

"चंदरपूरहून आणला नातवासाठी," ती म्हणाली. "पाय कसे कोरले पाह्य. इथच्या माणसाले जमन का?"

मी नंदी उचलून उलटा केला. पोटाखाली दोन काप. इतका आनंद झाला की गप्प बसवेना.

"काकू, हा माझ्या हातचा हाय."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, हसेल.

"मंग आंधी काऊन नाई सांगतलं?"

म्हणजे पुन्हा चूक माझीच. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण नंदी अजून माझ्या हातात होता. तिनं तो काढून घेतला. आतून गोमूत्राची बाटली आणली, नंदीवर शिंपडलं, पदरानं पुसलं, नवं कुंकू लावलं आणि त्याला पुन्हा पाटावर बसवलं. एवढा देखणा नंदी तिला टाकवेना.

"झालं," ती म्हणाली. "आता चालते."

मी बाटले नव्हते, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण ती बाटली इतकी वर्षं याच घरात होती, माझ्या भिंतीला लागून.