देशपांडे सरांना पत्ता नसायचा

शाळेत नोकरी करून कुणी श्रीमंत होत नाही, किस्से मात्र पोतंभर जमतात. कुंडलजवळच्या आमच्या हायस्कुलातले माझे निम्मे किस्से इंग्रजीच्या देशपांडे सरांचेच.

*

सर एकदा बाजारातून मेथी घेऊन निघाले. मागून एक शेळी पिशवीतली जुडी खात चालली होती. लोक हाका मारून थकले, सरांना पत्ता नाही. घरी नुसते देठ पोचले. सरांच्या पत्नी म्हणाल्या, "आज भाजी निवडून आणलीत वाटतं!"

आम्ही पोट धरून हसलो. पण सरांचे कान गेलेत हे शाळेला ठाऊक होतं. सर त्याबद्दल बोलत नसत, म्हणून आम्हीही नाही.

*

'ऑब्लिव्हियस' म्हणजे भोवतालचं भान नसलेला. हे पोरांना कसं समजवावं, असं सरांनी स्टाफरूममध्ये विचारलं. पीटीचे पवार मास्तर फौजेतून आलेले, कोरियात युद्धकैद्यांच्या छावणीवर पहारा केलेले.

"आवं सर, तितल्या आचाऱ्यानं मला ह्योच शब्द इचारलेला. त्याची भाषा मला येत न्हाई. मग बुटाची नाडी सोडली आन् आभाळाकडं बघत चाललो. गडी पळत आला, खाली बसून नाडी बांधली."

"मग अर्थ कळला त्याला?" मी मास्तरांना विचारलं, पण सरांनाही कळावं म्हणून त्यांच्यासमोर जाऊन.

"त्ये ठावं न्हाई. पर पडू दिलं न्हाई गड्यानं."

*

नववीत उत्तर देणारं पोर थेट सरांच्या टेबलापाशी येऊन बोलायचं. मला वाटलं, सरांचीच शिस्त. मॉनिटर शेवंता म्हणाली, "आमीच ठरवलंय. लांबनं त्यास्नी ऐकू येत न्हाई. तुमी सरांस्नी सांगू नका."

*

कुणीतरी सरांविषयी वर तक्रार केली. तपासणीला साहेब आले. बहिरेपण उघड झालं असतं तर सरांची नोकरी गेली असती, आणि त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न व्हायचं होतं. शेजारच्या वर्गातून मला सगळं दिसत होतं.

साहेब मागच्या बाकावर बसले. सर फळ्याकडे तोंड करून लिहीत असताना त्यांनी विचारलं, "मास्तर, ऑब्लिव्हियस म्हणजे काय?"

सर लिहीतच राहिले. शेवंता उठली, फळ्यापाशी जाऊन सरांसमोर उभी राहिली. "सर, सायब ऑब्लिव्हियसचा अर्थ इचारत्यात. मी सांगू?"

"सांग."

तिनं सांगितला. साहेबांनी वहीत लिहिलं, 'शिस्त उत्तम.'

*

साहेबांची जीप गेल्यावर सर वर्गात परतले, खुर्चीत बसले.

"उद्यापासून जागेवरूनच बोलत जा," ते शेवंताला म्हणाले. "मला ओठ वाचता येतात. शिकून दोन वर्षं झाली."

दुसऱ्या दिवशी सरांनी पहिला प्रश्न विचारला. शेवंता उठली आणि टेबलापाशी जाऊन उभी राहिली.