भिकीच्या घराचं दार

संगिताला आज पास व्हायचं होतं, आणि पास-नापास ठरवणारा माणूस शेजारच्या सीटवर पाय पसरून शेंगदाणे खात होता. त्याचं नाव जतीन. मसोलीच्या ज्या गोदामातून पार्सलच्या गाड्या सुटतात, तिथला हा जुना ड्रायव्हर. नव्यांना शिकवायचं काम त्याच्याकडे. शिकवायचं म्हणजे काय, तर आपण बसून राहायचं, शिकाऊकडून गाडी चालवून घ्यायची आणि संध्याकाळी शेरा द्यायचा.

गाडी तर संगिताला कोणी शिकवायची गरजच नव्हती. गंजाडची पोरगी ती. घोलवडच्या वाडीतून चिकूचे क्रेट भरलेली पिकअप तिने दोन हंगाम स्टेशनला नेली होती, कधी एक चिकू दबला नाही. मग वाडीच्या मालकाचा भाचा लायसन काढून आला आणि पिकअप त्याची झाली. मालक संगिताला म्हणाला, "तू पॅकिंगला बस." ती बसली नाही. तो राग अजून पोटात होता, त्यात सकाळपासून जतीनची भर पडत होती. गिअर असा टाक, हॉर्न तसा मार. ती निमूट ऐकत होती. नोकरी हवी असली की माणूस काय काय ऐकून घेतो!

तलासरीच्या बाजूला डोंगरपाड्याचा फाटा आला तसा जतीन म्हणाला, "थांबव इथं. आता खरं काम शिक."

फाट्यावर बंद पडलेली पिठाची गिरणी होती. तिच्या दाराला गंजकं कुलूप. जतीनने खाली न उतरताच खिडकीतून त्या कुलपाचा फोटो काढला आणि मोबाइल तिच्यापुढे धरला.

"आता इथं दाब. ग्राहकाचं दार बंद. पाड्यातली सगळी पार्सलं अशीच करायची. वर चढलो तर अर्धा दिवस जातो."

"सगळी?"

"सगळी. ही बघ, भिकी म्हणून कोण आहे. हिची तिसरी फेरी. आज दिलं नाही की पार्सल कायमचं परत. आपण सुटलो."

संगिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाड्यात दिवसा दार बंद? गंजाडात काय आणि इथं काय, माणूस शेतावर गेला तरी चौकटीला आडवी काठी लावून जातो, कोंबड्या आत शिरू नयेत म्हणून. कुलूप विकत घेतो कोण? आणि हा गृहस्थ बसल्या जागेवरून अख्ख्या पाड्याला कुलूप लावून मोकळा होत होता.

तिने मोबाइल घेतला नाही. पहिला गिअर टाकला आणि गाडी चढावर घातली.

"ए, कुठं चाललीस? शेरा माझ्या हातात आहे, विसरू नकोस."

"नाही विसरले."

अर्धा दिवस म्हणे. शेंगदाण्यांची पुडी संपायच्या आत गाडी पाड्यात होती.

भिकीचं घर विचारावं लागलं नाही, कारण ते एकच घर असं होतं की ज्याला दारच नव्हतं. रिकामी चौकट आणि उंबऱ्यावर बसलेली म्हातारी. दार अंगणात दोन दगडांवर आडवं टाकलेलं, त्यावर मिरच्या वाळत होत्या. संगिताच्या अंगावरचं कंपनीचं निळं जाकीट पाहिलं आणि म्हातारी उठली.

"आली का? बघ, आता तरी उघडा दिसतो का घर?"

"आये, दार..."

"काढून ठेवला. माझा चैत्या बोटीवर खलाशी हाय. त्यानं माझ्या गुडघ्याला पट्टा मागवला. दोन वेळा त्याच्या फोनवर लिहून आला, दार बंद होता. पोरगा माझ्यावर वराडतो, आये, तू घर टाकून कठं फिरतंस? मी हितं उंबऱ्यात बसलेली. मुतायला पन उठली नाय. मंग शेजारच्यांना सांगितला, दारच काढा. आता लिव बंद म्हनून."

"ती मी नव्हते" हे संगिताच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. जाकीट तर तेच होतं, आणि म्हातारीला भडकायचा पुरता हक्क होता. तिने पार्सल पुढे केलं. भिकीने ते उघडूनही पाहिलं नाही, काखेत मारलं.

"रात्री कुत्री शिरतात घरात," ती म्हणाली. "डोळ्याला डोळा लागत नाय."

मागून जतीनने हॉर्न वाजवला. संगिता गाडीकडे गेली, किल्ली काढली आणि जाकिटाच्या खिशात टाकली.

"जतीनभाई, उतरा. दार बसवायचंय. एकटीला उचलत नाही."

"ते माझं काम नाही."

"मग बसा. गाडी हलणार नाही."

त्याने मोबाइल वर धरून पाहिला. रेंज नव्हती. शिव्या देत तो उतरला. मिरच्या भिकीने आपल्या हाताने सुपात भरल्या, सावकाश, त्याला ताटकळत ठेवून. मग दोघांनी दार उचललं. सागाचं होतं, जड. भिकी कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"तू नापास," जतीन धापा टाकत म्हणाला.

"माहिताय," संगिता म्हणाली. "नीट धरा. वरची बिजागरी बसली नाही अजून."