दम धरा, मग दम येईल

कुणी ट्रकवाला येऊन "गाडीत दम नाही राहिला" म्हणाला, की आमचे मिस्तरी पुढे होऊन त्याचं नाक चिमटीत धरायचे. डिझेलने माखलेल्या बोटांनीच. "आता पळा बरं राजघाटापर्यंत," म्हणायचे. गिऱ्हाईक हात झटकायचं, बाकीचे हसायचे. मग मिस्तरी सांगायचे, "दम म्हणजे सास, भाऊ. पहिले त्याले सास घेऊ द्या."

आमच्या बुऱ्हाणपुरात दम म्हणजे काळा धूर, अशी एक अक्कल पसरली आहे. ट्रकच्या मागे उभं राहून धुराचे व्हिडिओ काढणारी पोरं तुम्हीही पाहिली असतील. तो धूर म्हणजे न जळलेलं डिझेल, हे सांगायला जाल तर तुम्हालाच वेड्यात काढतील. मला या अडाणीपणाची भयंकर चीड येते. चिडण्याचा मला फारसा अधिकार नाही, तेही सांगतो.

आमचा ट्रक वडिलांच्या वेळचा. एका रांगेत सहा सिलिंडर, टर्बो नाही. हवा ओढायची ती स्वतःच्याच छातीने. केळी भरून असीरगडचा घाट चढताना तो रडकुंडीला यायचा आणि टर्बोवाले हॉर्न मारत पुढे जायचे. ते हॉर्न माझ्या थोरल्या भावाला, दादाला, फार झोंबायचे. तो मिस्तरींना म्हणाला, "पंप वाढवून द्या ना, जरा जास्त डिझेल सोडा. सगळेच करतात."

"सगळे करतात म्हणून मी बी करू?" मिस्तरी भडकले. "नाक दाबून धरायचं अन् जेवण दुप्पट वाढायचं? माणूस मरते त्यानं!"

त्यांनी बारा दिवस घेतले. इंजिनचं हेड उतरवलं, हवेच्या वाटा पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केल्या, वॉल्व्ह घासून बसवले, सायलेन्सरचा पाइप रुंद केला. जोडात बसवलेल्या गास्केटची कड हवेच्या वाटेत अर्धा सूत आत आलेली दिसली, तेव्हा आधीच्या मेकॅनिकच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. "चोरी आहे ही! सास चोरला इंजिनचा!" शेवटी, डिझेल कमी-जास्त करणाऱ्या पंपाच्या स्क्रूला कुणी हात लावू नये म्हणून, नेहमीसारखं तार बांधून त्यांनी शिशाचं सील दाबलं. "आठ दिवस हळू चालवा. दम पाहिजे ना? मग दम धरा."

फरक पडला होता. पूर्वी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हणारी भरलेली गाडी तिसऱ्यात घाट चढली आणि मागे धूर जेमतेम अगरबत्तीएवढा. पण धूर नाही म्हणूनच दादाचा विश्वास बसेना. पाचव्या दिवशी, रविवारी, त्याने पक्कड घेतली, तार कापली आणि स्क्रू चांगला एक आटा फिरवला. मी शेजारी उभा होतो. "राहू दे" एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही, कारण आमच्या घरात थोरल्यापुढे बोलायची पद्धत नाही. कसली पद्धत! मी शाळेत मास्तर आहे, पोरांना खरं बोलायला शिकवतो.

त्याच दिवशी घाटात धुराचे लोट उठले. दादा खूश होऊन स्टिअरिंगवर थापा मारत होता. वरच्या वळणावर चौथा पिस्टन वितळला आणि गाडी बसली. फोन केल्यावर मिस्तरी कुणाच्या तरी मोटारसायकलवरून आले. त्यांनी पंपाकडे वाकून पाहिलं, मग दादाकडे, मग माझ्याकडे. एक शब्द न बोलता ते परत गेले.

दादा मात्र बोलला. बुधवारा मोहल्ल्यातल्या चहाच्या टपरीवर, चारचौघांत. "म्हाताऱ्याचे हात गेले आता. बारा दिवस घासत बसला अन् पाच दिवसांत इंजिन खाल्लं." लोकांनी ते लगेच खरं मानलं. चाळीस वर्षं ज्यांच्या गाड्या या माणसाने चालत्या ठेवल्या, त्यांतल्या एकानेही सीलचं काय झालं म्हणून विचारलं नाही. मी त्याच बाकावर बसलो होतो. चहा संपवला आणि शाळेत गेलो.

हळूहळू गिऱ्हाईक तुटलं. गॅरेज बंद करून मिस्तरी डोईफोडियाला मुलीकडे राहायला गेले. मी तिथे गेलो तेव्हा बरेच महिने उलटले होते. ते ओसरीत खाटेवर बसले होते. मी तार कापल्याचं सगळं सांगून टाकलं.

"मले माहीत होतं," ते म्हणाले. "कापलेली तार मले दिसली नाही काय?"

"मग बोलला का नाहीत?"

"माझं खरं मीच सांगत फिरू? तुम्ही होते ना तिथं, सर. मास्तर माणूस. मले वाटे, आज नाही तर उद्या बोलतीन." मग आत वळून त्यांनी मुलीला माझ्यासाठी चहा ठेवायला सांगितलं.

चैत्रात ते गेल्याची बातमी आली. त्या संध्याकाळी मी बुधवाऱ्यातल्या टपरीवर दादासमोर उभा राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, झालं ते सांगितलं. दादा उठून निघून गेला. बाकीचे "अरेरे" म्हणाले. मग बाकावरच्या एका ट्रकवाल्याने मला विचारलं, "ते जाऊ द्या, सर. पंप चांगला कोण वाढवते आता?"